शाळेची बस आणि तिचा चालक

शाळा म्हटली म्हणजे गुरुजी, फळा व पुस्तकें डोळ्यांपुढें उभीं राहतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र आणखी एका माणसावांचून कित्येक शाळा नीट भरत नाहींत. तो म्हणजे शाळेच्या पिवळ्या बसचा चालक. तेथील वस्ती दूरवर पसरलेली असल्यामुळें मुलांची ने-आण करण्याचा भार पुष्कळ ठिकाणीं स्कूल बोर्डच उचलतें.

केंटकी संस्थानांतील लुइव्हिल शहरीं या चालकांची वाण पडली. तेव्हां तेथील बोर्डानें गणकयंत्राकडून नवे मार्ग आंखवून त्यांची संख्या घटविली व शाळांच्या वेळा बदलल्या. कागदावर हिशेब जुळला. पण ९ ऑगस्ट २०२३ रोजीं शाळा उघडल्या, आणि शेवटचीं मुलें घरीं पोहोंचलीं तेव्हां रात्रीचे दहा वाजत आले होते. पुढें आठवड्याहून अधिक काळ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. लहान बालकास उतरावयास वेळ लागतो, वळणावर गाडी अडते, नवा चालक रस्ता चुकतो. ज्या वेळापत्रकांत या गोष्टींना जागा नसते, तें पहिल्याच दिवशीं कोसळतें.

चालक मिळत कां नाहींत? जड वाहनाचा परवाना, शिवाय उतारूंची व शाळेच्या बसची निराळी परीक्षा, पूर्वचरित्राची चौकशी, आणि पाठीमागें पन्नास मुलांचा कल्लोळ. इतकें करून काम सकाळीं दोन-तीन तास व दुपारीं दोन-तीन तास. मधला वेळ बहुधा बिनपगारी. तोच परवाना घेऊन मालमोटार हांकल्यास दिवसभराचें वेतन मिळतें. या कामावर वयस्क लोक बरेच असत. २०२० च्या साथींत त्यांपैकीं अनेकांनीं तें सोडलें.

मग उपाय कोणते झाले? मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनीं सप्टेंबर २०२१ मध्यें मुलांची ने-आण करण्यासाठीं नॅशनल गार्डचे २५० पर्यंत सैनिक बोलाविण्याची सोय केली. संकटकाळीं तें योग्यच; पण आगीच्या बंबानें घरचें रोजचें पाणी भरतां येत नाहीं. शिकागोच्या बोर्डानें २०२३ सालीं अपंग व बेघर मुलांपुरत्याच बस ठेवल्या. लुइव्हिलच्या बोर्डानें २०२४ सालीं विशेष अभ्यासक्रमाच्या बहुतेक शाळांची बस बंद केली. ज्याच्या दारीं मोटार आहे त्यास याची झळ थोडी. ज्या आईस पहाटे कारखान्यांत हजर व्हावें लागतें, तिच्या मुलाची मात्र शाळाच सुटण्याची भीति.

म्हणून बोर्डानें प्रथम चालकास शाळेचा सेवक मानावें. मधल्या वेळीं स्वयंपाकघर, ग्रंथालय किंवा दुरुस्ती यांपैकीं कांहीं काम देऊन त्यास पूर्ण दिवसाचें वेतन द्यावें; शिकाऊ उमेदवारासही पगार द्यावा. सुट्टी संपण्यापूर्वीं प्रत्येक मार्गावर रिकामी गाडी फिरवून वेळ मोजावा. एवढें करूनही चालक अपुरे पडले, तर अंतर व गरज पाहून कोणती बस बंद होणार तें ठरवावें, आणि पालकांनीं शाळा निवडण्यापूर्वींच उघडपणें जाहीर करावें.

वर्गावर शिक्षक नसला तर दुसरा शोधण्याची धडपड होते. चालक नसला तर मार्गच पुसला जातो. पण मूल शाळेच्या दारापर्यंत पोहोंचलेंच नाहीं, तर आंत उत्तम गुरुजी असून त्यास उपयोग काय?