बालदमा : कुंपणच शेत खाते तेव्हा

घरात सर्वत्र निजानीज झालेली असते. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी सहा-सात वर्षांचे मूल खोकत उठून बसते, दोन्ही हात अंथरुणावर टेकते आणि खांदे वर ओढून श्वासासाठी धडपडू लागते. त्याची छाती वाजत असते. दुसऱ्या दिवशी तेच मूल हसतखेळत शाळेत जाते आणि आईबापांना वाटते, टळले एकदाचे संकट! परंतु दमा गेलेला नसतो; तो दबा धरून बसलेला असतो. तो कोठे बसतो आणि काय करतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

दमा म्हणजे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जाणे, अशी पूर्वी समजूत होती. ती खरी असली तरी अर्धीच खरी आहे. या नलिकांच्या अस्तराला सूज आलेली असते, आणि झटका ओसरल्यावरही ती पुष्कळदा मागे उरते. ही सूज आणणारे कोणी परके नसून शरीराचे स्वतःचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी होत.

इओसिन नावाचा तांबडा रंग चटकन शोषून घेणाऱ्या अशाच एका जातीच्या पेशींची ओळख जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७९ साली करून दिली. त्यांना 'इओसिनोफिल' म्हणतात. पोटातील जंतांसारख्या शत्रूंशी झुंजणे हे त्यांचे एक काम. परंतु अनेक दमेकरी मुलांचे शरीर परागकण, धुळीतील सूक्ष्म किडे अशा निरुपद्रवी वस्तूंनाच शत्रू समजते. या गैरसमजाचे मर्म १९६६ साली उलगडले. मुलांच्या दम्यासाठी उभारलेल्या, अमेरिकेतील डेन्व्हर येथील संस्थेत इशिझाका या जपानी दांपत्याला 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड सापडले. ते अस्तरातील मास्ट पेशींना चिकटून राहते. नेमकी ती धूळ आत शिरताच मास्ट पेशी आपले भांडार रिते करतात, नलिका आवळतात, आणि मागोमाग इओसिनोफिलांची फौज येऊन दाखल होते.

या फौजेचे शस्त्र मोठे विलक्षण आहे. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्याचेच ती दाहक रूप बनवते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि शरीरातील अल्पशा ब्रोमाइडच्या साहाय्याने ब्लीचिंग पावडरीच्या जातीचे जहाल द्रव्य तयार होते. समोर शत्रूच नसल्यामुळे हा सारा मारा कोवळ्या अस्तरावर होतो. पेशी गळतात, कफ चिकट होतो, स्नायू अधिकच चिडखोर बनतात. ही आग विझविण्यासाठी शरीराजवळ ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये असतात. परंतु आग फार आणि पाणी थोडे, अशी स्थिती झाली की तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. कुंपणच शेत खाऊ लागते ते असे. सर्वच मुलांत इओसिनोफिल हेच कारण असते असे नाही. काहींच्या बाबतीत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी पुढे असतात.

या आगीत बाहेरूनही तेल पडते. मोटारींचा, चुलीचा आणि विडी-सिगारेटचा धूर हीच दाहक द्रव्ये वाढवितो. आणि वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते. लंडनमध्ये रहदारीच्या मोठ्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक दमेकरी मुलगी २०१३ साली मरण पावली. त्यापूर्वीच्या तीन वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. तिच्या मृत्यूस हवेचे प्रदूषणही कारणीभूत होते, असा निर्णय मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने डिसेंबर २०२० मध्ये दिला.

मग उपाय कोणता? आवळलेली नलिका घटकाभर सैल करणारा पंप वेगळा आणि आतील सूज शमविणारा पंप वेगळा. पहिला झटक्याच्या वेळी लागतो. दुसरा, वैद्याने सांगितला असल्यास, मूल ठणठणीत दिसत असतानाही नियमाने घ्यावयाचा असतो. नेमका हाच पंप घरोघरी बंद पडतो. "सवय लागेल," "चारचौघांत मुलीचे नाव निघेल," अशी भीती आडवी येते. या पंपाची सवय लागत नाही. त्यातील स्टिरॉइडची मात्रा मुलांना बहुधा दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम असते. तोंडावाटे घ्यावयाच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५००० मायक्रोग्रॅम असतात. पहिल्या वर्षी उंचीची वाढ सुमारे अर्धा सेंटिमीटर कमी होऊ शकते, हे लपविण्याचे कारण नाही; पण गुदमरलेल्या रात्रींच्या तुलनेत ती किंमत अल्प आहे. औषध घेतल्यावर चूळ भरावी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. फळे, भाज्या, धूरमुक्त घर यांचे महत्त्व आहेच, परंतु तेही औषधाच्या जोडीला.

मूल बोलता बोलता अडखळू लागले, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंपाने आराम पडेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दमा हा कुळाला लागलेला डाग नव्हे. पहारेकऱ्यांची चूक त्या बालकाची नसते, आईबापांचीही नसते. मात्र आग धुमसते आहे हे कळल्यावरही ती भडकेपर्यंत स्वस्थ बसणे, ही चूक वडीलधाऱ्यांच्याच पदरी पडते.