दगडाची खालची बाजू

जलसंधारणाच्या या परिषदेत दोन दिवस आपण ऐकलं की किती किलोमीटर ओढे खोल झाले, किती घनमीटर गाळ निघाला, साठा किती टीसीएमने, म्हणजे किती हजार घनमीटरने, वाढला. हे काम मोलाचं आहे. टँकरची वाट पाहणं ज्या गावात थांबलं, तिथल्या बायकांना ते मोल मी सांगायला नको. पण ओढ्याच्या तळात कोण राहतं, हा प्रश्न दोन दिवसांत एकदाही निघाला नाही. मला त्यावरच बोलायचं आहे.

हिवाळ्यात वाहत्या ओढ्यात उतरा आणि खळाळातला एक गोटा उलटा करा. चपट्या अंगाची, शेपटीला केसासारखे तंतू असलेली मेफ्लायची पिल्लं उजेड पडताच दुसऱ्या बाजूला पळतात. शेजारी वाळूच्या कणांची इवलीशी नळी चिकटलेली असते. कॅडिसफ्लायच्या अळीने ती स्वतःच्या रेशमाने सांधलेली असते. कोणी शेवाळ खरवडतं, कोणी कुजकी पानं कुरतडतं, आणि मासे, बेडूक, धोबी पक्षी यांचं पोट त्यांच्यावर भरतं.

आपल्या आज्या उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरायच्या. ते पाणी नितळ असायचं, कारण वाळू गाळणीचं काम करत होती आणि कणांच्या फटींतले सूक्ष्मजीव घाण खात होते. बारीक किडे, कृमी त्या फटी उकरून मोकळ्या ठेवत होते. वाळूच उपसली, की ही गाळणी संपते.

पंधरा वर्षांपूर्वी एका ओढ्याचं काम मी स्वतः काठावर उभं राहून करून घेतलं. वळणं काढली, शेरणीची झुडपं उपटली, डोहाच्या तोंडाशी असलेला खडकाचा उंबरा पोकलेनने फोडला. पावसाळ्यात पाणी तुडुंब भरलं, गावाने नारळ फोडला. दोन वर्षांनी त्याच जागी तळात हात घातला, तर कोपरापर्यंत काळा, मऊ गाळ लागला. त्यात फक्त लाल अळ्या वळवळत होत्या. अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे त्या लाल दिसतात, आणि त्याच्याच जोरावर जवळपास प्राणवायू नसलेल्या पाण्यात तग धरतात. ज्यांना वाहतं पाणी आणि दगडांच्या फटी लागतात, त्यांच्यापैकी एकही जीव मला सापडला नाही. पाणी होतं, ओढा राहिला नव्हता. ती चूक माझी होती.

अशी चूक करणारा मी एकटा नाही. अमेरिकेत फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात पूर आवरण्यासाठी सरळ, खोल कालव्यात कोंडली गेली. पुढे तिथल्याच लोकांनी १९९९पासून त्या कालव्याचा मोठा भाग मातीने बुजवायला घेतला आणि नदीला जुन्या वळणांत परत सोडलं. काम २०२१मध्ये पुरं झालं. वाळूचे दांडे पुन्हा दिसू लागले, पाण्यातला प्राणवायू वाढला. खणायला लागली नव्हती इतकी वर्षं निस्तरायला लागली.

आणि तळ पूर्ववत केला म्हणजे जीव परततातच असंही नाही. संशोधक मार्गारेट पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये अशा ७८ प्रकल्पांचा आढावा प्रसिद्ध केला. दगड टाकून, वळणं देऊन तळ पुन्हा उंचसखल केलेला होता, तरी तळातल्या जीवांची विविधता ठळकपणे वाढल्याचं फक्त २ ठिकाणी आढळलं. मला याचा अर्थ सरळ दिसतो. वरून सांडपाणी येत असेल, पाणलोट उघडाबोडका असेल, तर नुसते दगड मांडून काय होणार? शिवाय किडे येणार कुठून? वरच्या अंगाला एखादा जिवंत टप्पा शिल्लक असेल तर ते प्रवाहाबरोबर वाहत येतात, पंख फुटलेले उडत येतात. तो टप्पा म्हणजे विरजण. ते संपलं तर दूध कितीही चांगलं असो, दही लागत नाही.

म्हणून उगमाकडचा भाग यंत्राला बंद ठेवा. डोहाचा उंबरा फोडू नका. उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा सगळं कुटुंब त्या डोहात जगून असतं. गाळ काढायचा तर बंधाऱ्यामागचा, साचलेला काढा. मूळ गोटे आणि वाळू जागेवर राहू द्या.

पुढच्या उन्हाळ्याची अंदाजपत्रकं लवकरच तयार होतील. घनमीटरच्या रकान्याखाली एक ओळ वाढवा. कामाआधी आणि कामानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, त्याच जागचे दहा दगड उलटून काय दिसलं, ते तिथे लिहा. आणि पुढच्या परिषदेला येताना ती वही बरोबर आणा.