सोसू नका, विचारा
(पिंपळनेर येथील महिलांच्या बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, शौचातून रक्त गेलं तरी आपण मूळव्याध समजून अंगावर काढतो. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीसाठी धुळ्याला जायचं म्हणजे मजुरी बुडते. गुंगीचं औषध घेतलं तर सोबत माणूसही लागतो. म्हणून कितीतरी जणी गुंगीशिवाय तपासून घेतात. कळवळलं की ऐकावं लागतं, ‘बाळंतपण सोसलंत ना?’

दुखतं ते नळीने आतडं ताणलं जातं आणि हवेने फुगतं म्हणून. गर्भाशय काढलेल्या बाईचं आतडं आत चिकटलेलं असू शकतं. तिला जास्त दुखतं. हे डॉक्टरांना आधीच सांगा. हवेऐवजी कोमट पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरणार का, बारीक नळी आहे का, विचारा. कूस बदलल्याने, पोटावर हाताने दाब दिल्यानेही त्रास कमी होतो. थांबण्याची खूण आधी ठरवा. असह्य झालं तर थांबवायचा आणि गुंगीचं औषध मागायचा हक्क आपला आहे.