सहाव्या आर्मीचा हिशेब

(गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



बाप्पाच्या मांडवात जर्मन सैन्याचा विषय कशाला, असे काहींनी मला विचारले. कारण साधे आहे. माझी सगळी नोकरी स्टोअर्समध्ये गेली. आपल्या पोलाद कारखान्यात तेव्हा रशियन तंत्रज्ञ असत. त्यांतल्या एकाचे गाव व्होल्गोग्राद, म्हणजे पूर्वीचे स्टालिनग्राद. त्याच्यामुळे मी जर्मनीच्या सहाव्या आर्मीविषयी वाचू लागलो.

पहिल्या महायुद्धात या नावाची आर्मी बव्हेरियाचे युवराज रुपरेख्त यांच्या हाताखाली होती. मार्च 1915 मध्ये फ्रान्समधील नव्ह शापेल येथे आपले भारतीय जवान तिच्याशीच लढले.

दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, सहावी आर्मी युक्रेनमध्ये शिरली. सेनापती होता राइखेनाऊ. ऑगस्टमध्ये बिला त्सेर्कवा शहरात सुमारे 90 ज्यू मुले कोंडून ठेवलेली होती. त्यांच्या आईबापांना आधीच मारले होते. ग्रोसकुर्ट नावाच्या अधिकाऱ्याने मुलांची हत्या थांबवून वर लेखी कळवले. राइखेनाऊने हत्येला मंजुरी दिली आणि उलट ग्रोसकुर्टलाच समज दिली. मुले मारली गेली.

पुढच्या वर्षी सेनापती झाला पाउलुस. 23 नोव्हेंबर 1942 रोजी सोव्हिएत फौजांनी स्टालिनग्रादभोवतीचा वेढा पूर्ण केला. आत अडीच लाखांवर माणसे अडकली. आता स्टोअर्सवाल्याच्या नजरेने पाहा. रोज किमान 300 टन माल विमानाने पोचायला हवा होता. विमानदलातले जाणते अधिकारी सांगत होते, हे जमणार नाही. गोरिंगने मात्र हिटलरला खात्री दिली. प्रत्यक्षात पोचला सरासरी 100 टनांच्या आसपास. वेढा फोडून बाहेर पडू, असे काही सेनानी म्हणत होते. हिटलर नको म्हणाला, पाउलुसने ऐकले.

2 फेब्रुवारी 1943 रोजी सारे संपले. सुमारे 91,000 जण कैद झाले. त्यांतले जेमतेम 6,000 घरी परतले, शेवटचे 1955 साली. ग्रोसकुर्टही कैदेतच टायफसने वारला. हिटलरने त्याच नावाची आर्मी पुन्हा उभी केली. ऑगस्ट 1944 मध्ये रुमानियाच्या आघाडीवर तिचीही वाताहत झाली. नाव पुन्हा देता आले, माणसे नाही.

मंडळी, त्या सैन्यात खरे सांगणारे नव्हते असे नाही. त्यांचे ऐकून घेण्याची रीत उरली नव्हती. मुलांसाठी बोलणाऱ्याला जिथे गप्प केले गेले, तिथे पुढे स्वतःच्या सैनिकांसाठी बोलणाऱ्याचेही कोणी ऐकले नाही, असे मला वाटते.

मीसुद्धा कधी कधी शिल्लक कमी असताना साहेबांना “होईल” म्हणालो आहे. ते आठवले की आज लाज वाटते. म्हणून एवढेच मागणे आहे. घरात, कचेरीत, अगदी मंडळाच्या सभेतही कोणी “हे बरोबर नाही” म्हणाला, तर त्याला आधी पुरते बोलू द्या.

गणपती बाप्पा मोरया!