बळीविना चामडें

पाषाण, माती, रंग व सूर हीं कलावंताचीं जुनीं साधनें होत. वाढणारा जीवच साधन म्हणून हातीं घेणें ही त्या मानानें नवी गोष्ट. पण अगदींच कालची नव्हे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्यें १९३६ सालीं एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकारानें स्वतः संकर करून निपजविलेलीं डेल्फिनियमचीं फुलें मांडलीं होतीं. फुलें कोमेजावयाचींच, हें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें.

त्याच संग्रहालयांत २००८ सालीं मांडलेल्या एका कृतीचा अंत मात्र इतका सहज झाला नाहीं. पर्थ येथील ओरॉन कॅट्स व आयोनॅट झुर या कलावंतांची ती कृति. नांव ‘बळीविना चामडें’. कालांतरानें विरून जाणाऱ्या कृत्रिम द्रव्याचा, अंगरख्याच्या आकाराचा सुमारें २ इंच उंचीचा सांचा काचपात्रांत ठेवलेला. त्यावर उंदराच्या जिवंत पेशी पेरलेल्या. पात्राला ऊब, पेशींना थेंबथेंब पोषक रस. सांचा विरावा, पेशींचें कातडें उरावें, आणि त्यासाठीं एकाहि जनावराची चामडी सोलली जाऊं नये, असा हा बेत.

पण पेशी बेसुमार वाढल्या. नळ्या तुंबूं लागल्या, एक बाही गळूं लागली. तेव्हां प्रदर्शनाच्या संयोजिका पाओला अँतोनेल्ली यांनीं कलावंतांना विचारून पोषण बंद करविलें. एका अंगरख्याला मारावयाचें या विचारानें आपली झोंप उडाली, असें त्यांनीं पुढें सांगितलें.

वस्तुतः त्या अंगरख्याला ना मेंदू, ना मज्जातंतु. वेदना त्याला ठाऊकच नव्हती. वेदनेचा प्रश्न खरा उठतो तो पोषक रसापाशीं. अशा पेशी जगविण्यास गाईच्या पोटांतील वासराच्या रक्तापासून काढलेला द्रव लागतो. तीं वासरें खाटिकखान्यांतून येतात. म्हणजे बळी होताच, तो काचेबाहेर राहिला इतकेंच. कलावंतांना हें पुरतें ठाऊक होतें. कृतीच्या नांवांतील उपरोध तोच. तथापि प्रेक्षकाची करुणा काचेंतल्या कोटालाच चिकटते, न दिसलेल्या वासराकडे वळत नाहीं. या कलेचें सामर्थ्य व तिचा धोका, दोन्ही येथेंच आहेत.

इतर प्रदर्शनांच्या शेवटीं हे कलावंत स्वतःच पात्र उघडीत आणि प्रेक्षकांना आंतील जिवंत पदार्थास हात लावूं देत. हवेंतील व बोटांवरील जंतूंनीं पेशी मरत. ज्यानें कुतूहलानें बोट पुढें केलें, त्याच्याच स्पर्शानें तें मरण येई.