वर्दीतील श्रद्धा आणि त्याग
(आगमन-स्मरण समारंभात केलेले भाषण)



आजच्या दिवशी आपण आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांची, उसाच्या शेतांची, झाकरीची आणि गणपतीची आठवण काढतो. मला मात्र अशा एका नोकरीविषयी बोलायचे आहे, जिचे नाव आपल्या समारंभांत क्वचितच घेतले जाते. ती नोकरी म्हणजे पोलिसाची, आपल्या क्रिओलमध्ये ज्याला 'गार्द' म्हणतात त्याची.

आपल्या पूर्वजांना या गार्दची फार भीती वाटे, आणि त्याला कारण होते. पाच वर्षांचा करार पूर्ण केलेल्या मजुराला 'जुना आप्रवासी' म्हणत. १८६७ च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणे भाग पडले. दुसऱ्या जिल्ह्यात बहिणीला भेटायला गेला आणि पास जवळ नसला, की तो भटक्या ठरे व पकडला जाई. अशा लोकांना ठेवण्यासाठी ग्रां रिव्हिएर येथे वेगळा डेपोच बांधलेला होता. शेवटी १८७१ साली ९,४०१ जुन्या आप्रवाशांनी एका अर्जावर सह्या आणि अंगठे केले. आदोल्फ द प्लेविट्झ या भल्या गृहस्थाने त्यांना मदत केली. त्यानंतर इंग्लंडहून चौकशीसाठी रॉयल कमिशन आले. तरीही भीती लगेच गेली नाही. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल येथे संपावर असलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जण मरण पावले. त्यांत अंजलाय कूपेन ही गरोदर स्त्री होती.

हे सर्व मी आज का सांगते? कारण याच वर्दीत पुढे आपलीच मुले गेली. त्यांत माझे वडील होते.

वडिलांनी पोलिसात जायचे ठरवले तेव्हा आमच्या आजीने घरात रडारड केली. तिच्या आजोबांना पास नाही म्हणून पकडून नेले होते. ती म्हणाली, "ज्या पट्ट्याने आपल्या माणसांना मारले, तो तू कमरेला बांधणार?" वडील शांतपणे म्हणाले, "आई, पकडून आणलेल्या माणसाचे बोलणे समजणारा एक तरी माणूस चौकीत असला पाहिजे."

हे त्यांनी नोकरीभर पाळले. कोणाला रात्री ठाण्यावर आणले, की आधी त्याला बसायला सांगत, पाणी देत आणि त्याच्या घरी निरोप पाठवत. "बायको-मुलांनी रात्रभर दारोदार शोधत का फिरावे?" असे ते म्हणत. एखाद्या म्हाताऱ्याला नीट सांगता येत नसे. त्याचा जबाब ते सावकाश ऐकून घेत आणि लिहिलेले त्याच्याच बोलीत त्याला परत समजावून सांगत. पहाटे आंघोळ करून तुळशीला पाणी घालत, देवाला दिवा लावत आणि मगच वर्दी चढवत. लहानपणी मला वाटे, देवपूजा ही एक गोष्ट आणि नोकरी ही दुसरी. मोठी झाल्यावर कळले, की वडिलांच्या मनात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. रात्री दोन वाजता ठाण्यात कोणी पाहत नसताना हातातल्या माणसाशी कसे वागायचे, हे त्यांच्या श्रद्धेनेच ठरवलेले होते.

आणि त्याग? गणेश चतुर्थीला आपल्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, पण गार्दला नसते. विसर्जनाच्या दिवशी वडील समुद्रावर ड्युटीला असत आणि घरची मूर्ती काका डोक्यावर घेऊन निघत. मी एकदा रुसून बसले होते. तेव्हा ते म्हणाले, "आपला गणपती समजून घेईल गं. तिथे लोकांची पोरे पाण्यात उतरलेली असतात." महाशिवरात्रीला आम्ही पायी गंगा तलावाकडे निघत असू, तेव्हाही ते रस्त्यावर उभे असत. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईसमध्ये दंगल झाली आणि आणीबाणी जाहीर झाली. त्या दिवसांत वडील घरी आले नाहीत. आई मला मांडीवर घेऊन दाराशी बसे. पोलिसाच्या नोकरीत त्याग एकटा पोलीस करत नाही. दाराशी बसलेली ती बाईसुद्धा करते, पण तिला पदक मिळत नाही.

बंधू-भगिनींनो, आपले अनेक पूर्वज रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडचे. त्याच सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे एक सुपुत्र मुंबई पोलिसात होते, सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर ते हातात फक्त लाठी घेऊन अतिरेक्यासमोर गेले. त्याच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले, हे आपल्याला ठाऊक आहे. मी मुलांना त्याच्या पुढची गोष्टही सांगते. ओंबळे यांच्यामुळे तो अतिरेकी जिवंत सापडला, त्याला वकील मिळाला, खटला चालला आणि मग न्यायालयाने शिक्षा दिली. एवढ्या मोठ्या गुन्हेगारालाही न्यायालयासमोर उभे केले गेले. आपल्या पूर्वजांना एका कागदासाठी रस्त्यावरून उचलत. कायद्याचे राज्य म्हणजे काय, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की लहान मुलालाही कळते. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. आधी सज्जनांचे रक्षण, मग दुष्टांचा बंदोबस्त. हा क्रम महत्त्वाचा आहे.

वर्दी घातली की माणूस आपोआप चांगला होतो, असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये गायक काया यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि आपला लहानसा देश पेटला, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच या नोकरीत चांगल्या घरची, चांगल्या संस्कारांची मुले जायला हवीत. आज अनेक पालक मला म्हणतात, "टीचर, पोलीस नको, दुसरे काहीही चालेल." मी त्यांना विचारते, आपली मुले गेली नाहीत, तर उद्या ठाण्यात आपल्याच म्हाताऱ्या माणसाचे ऐकून कोण घेईल?

तरुण मुला-मुलींनो, वर्दी घाला किंवा घालू नका. पण ज्याच्यावर आपली सत्ता चालते, त्याच्याशी कसे वागायचे हे विसरू नका. आपल्या पणजोबांना दुसऱ्या बाजूला उभे राहून ते सोसावे लागले होते.

जे पोलीस बंधू-भगिनी आजही बाहेर फाटकापाशी उभे राहून आपला समारंभ सांभाळत आहेत, त्यांना जाताना प्रसाद द्यायला विसरू नका.