घरचा अभ्यास आणि घरची माणसे



दिवेलागण झाली की पोर वही घेऊन जवळ येते आणि विचारते, "बाबा, द्विदल म्हणजे काय हो?" आपण दिवसभर शेतात राबून आलेले, शाळा चौथीतच सुटलेली. आपण म्हणतो, "मला काय कळतंय त्यातलं? गाइडात बघ, नाहीतर मोबाईलवर बघ." पोर उत्तर उतरवून काढते. वही भरते, पण अर्थ कळत नाही, आणि आपल्या घरात विद्या नाही असे त्याला वाटू लागते. हे दुसरे फार वाईट, आणि ते खरेही नाही.

द्विदलाचेच पाहा ना. मुलाला उलट विचारा, "हरभऱ्याची डाळ होते, तुरीची होते, मग ज्वारीची का होत नाही रे?" मूठभर हरभरे रात्री भिजत घाला. सकाळी साल काढली की दाण्याची दोन दले सहज सुटी होतील. हीच बीजपत्रे. ज्वारीच्या दाण्यात बीजपत्र एकच, तेही लहानसे. बाकी बहुतेक सारा पिठाचा साठा. मग तुरीचे रोप आणि ज्वारीचे ताट उपटून दाखवा. तुरीचे सोटमूळ सरळ खाली गेलेले, ज्वारीला मुळांचा झुपका. हा धडा मूल विसरायचे नाही.

व्याकरणाचे नाव काढले की आपण दचकतो. पण ऐका: 'दादाने विहीर खणली', 'दादाने खड्डा खणला.' दादा एकच, मग एकदा 'खणली' आणि एकदा 'खणला' का? कारण इथे क्रियापद दादाच्या मागे जात नाही, विहिरीच्या नि खड्ड्याच्या मागे जाते. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. शाळेचे तोंड न पाहिलेली आजीसुद्धा 'विहीर खणला' म्हणायची नाही. नियम तिच्या जिभेवर आहे; मुलाने फक्त त्याचे नाव शिकायचे.

आणि कविता? बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरकाम करताना त्यांना गाणी सुचत. चिरंजीव सोपानदेव यांनी ती जपली, आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. तेव्हा कविता आपल्यासाठी नाही, असे कुणी म्हणू नये. मुलाला ती मोठ्याने वाचायला सांगा. विचारा, "कोण बोलतंय? कुणाशी? डोळ्यांपुढं काय उभं राहिलं?" मोट, जाते, पाभर असे शब्द अडले, तर ते हाताळलेले आजोबा घरातच असतील.

एवढे करूनही काही अडलेच, तर लाजू नका. "मला ठाऊक नाही, उद्या गुरुजींना विचार, आणि मलाही येऊन सांग," असे म्हणा. त्यात कमीपणा नाही. आईबापही शिकू पाहतात, हे मुलाला दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याला एक विनंती. घरच्या अभ्यासात एक तरी प्रश्न असा द्या, की मुलाला तो घरच्या माणसांना विचारावा लागेल. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा, "घरी कोण काय म्हणालं?" मुलाने बोलीतला शब्द लिहून आणला, तर तांबडी रेघ ओढू नका, शेजारी प्रमाण शब्द लिहा आणि दोन्ही राहू द्या. त्या शब्दामागे त्याची आई उभी असते.